शिसे, अक्षर आणि व्हिल्ना

आब्राहाम सुत्झकेव्हर (१९१३-२०१०) यांची 'रोमच्या छापखान्यातील शिशाचे पत्रे' ही यिडिश कविता ज्यू प्रतिकाराची साक्ष म्हणून वाचण्याचा प्रघात आहे. व्हिल्ना (आजचे व्हिल्नियस) येथील घेट्टोतले लढवय्ये रात्री छपाईचे पत्रे हस्तगत करतात आणि वितळवून त्यांच्या बंदुकीच्या गोळ्या ओततात, असा तिचा विषय. कवितेखाली १२ सप्टेंबर १९४३ ही तारीख आहे. त्याच दिवशी कवीने घेट्टो सोडला. असे काही प्रत्यक्षात घडले याविषयी मात्र अभ्यासकांनी गंभीर शंका घेतली आहे.

अनुभवाच्या अस्सलपणाचा निकष हाती घेतलेला समीक्षक येथे अडखळतो. वस्तू हा स्मृतीचा पुरावा, हे गृहीत धरले की न वितळलेल्या पत्र्यांचे काय करायचे, हे त्याला कळत नाही.

रोमच्या मुद्रणालयाने १८८०-८६ या काळात छापलेल्या तालमूदची पानरचना आजही जगभर प्रमाण मानली जाते. तो ग्रंथ कोठेही उघडावा, तेच पान समोर येते. ग्रंथाला गाव उरलेले नाही. शिशाच्या पत्र्याला ते आहे. पत्रा वितळतो तेव्हा तालमूदचे एक अक्षरही नष्ट होत नाही. नष्ट होते ते व्हिल्ना. कवितेतील शोक ग्रंथाचा नसून स्थळाचा आहे, असे माझे मत आहे. शिसे ओतणाऱ्यांना कवी जेरुसलेमच्या मंदिरातील सुवर्णदीपांत तेल घालणाऱ्या पूर्वजांची उपमा देतो. तिचे वाचन केवळ गौरव म्हणून होते, आणि ते फारच सोयीचे वाचन आहे. कारण ते मंदिरही उद्ध्वस्त झालेले स्थळच आहे.

सुत्झकेव्हरांचे चरित्र या वाचनाला छेद देते की बळ, हे तपासण्याजोगे आहे. यिवो संस्थेच्या इमारतीत ज्यू ग्रंथसंपदेची छाननी करण्याच्या कामाला जर्मनांनी ज्यांना जुंपले, त्यांत ते होते. निवडक ऐवज जर्मनीला आणि उरलेला लगद्यासाठी कागद गिरणीत जायचा. या गटाने पुस्तके, हस्तलिखिते कपड्यांत लपवून घेट्टोत आणली व दडवली. जुलै १९४४ मध्ये शहर मुक्त झाल्यावर त्यांतील काही पुन्हा शोधून काढली गेली; काही पुढे न्यूयॉर्कला, यिवोच्या नव्या मुक्कामी पोचली. स्मृतिवस्तूंचा अभ्यास करताना हे स्थलांतर आपण स्वाभाविक मानतो, आणि कवितेतल्या शिशाकडे वळताना नेमके तेच गृहीतक आड येते.