टेप ऐकतो की मैफल?

ग्रेटफुल डेड या अमेरिकी बँडनं १९६५ ते १९९५ या काळात दोन हजारांहून जास्त कार्यक्रम केले. त्यात सर्वोत्तम कोणता, यावर चाहत्यांत वाद सुरू झाला की ८ मे १९७७चं कॉर्नेल हटकून पुढे येतं. वादन सुरेख आहेच. 'स्कार्लेट बिगोनियाज'मधून 'फायर ऑन द माउंटन'मध्ये मंडळी किती अलगद शिरतात, ऐकाच. पण बेटी कँटर-जॅक्सन यांचं रेकॉर्डिंग इतकं स्वच्छ, आणि त्याच्या टेपा हातोहात इतक्या फिरल्या, की आपण गुण वादनाला देतोय की टेपला, हेच कळेनासं होतं. गर्दीतून घेतलेल्या एखाद्या खरखरीत टेपेतही तेवढीच मोठी रात्र दडलेली असेल. म्हणून तुलना करताना आपण आधी विचारू या: माईक कुठे होता?