खेळ आहे, यंत्र नाही

परभणी, जिंतूर, सेलू, गंगाखेडकडच्या ज्या पिढीने नव्वदीत व्हिडिओ गेम खेळला, तिच्यातल्या बहुतेकांनी निन्टेन्डोचं अस्सल यंत्र पाहिलंही नाही. त्यांच्या घरी आली ती निन्टेन्डोच्याच जपानी फॅमिकॉम यंत्राची नक्कल: हलका प्लास्टिकचा डबा, दोन रिमोट, एक बंदूक आणि पिवळ्या कॅसेटी. टीव्हीचं चॅनेल जुळवायचं, चित्र हललं की कॅसेट काढून फुंकर मारायची, पुन्हा दाबून बसवायची. ‘कॉन्ट्रा’त खेळ साठवून ठेवायची सोय नव्हती. सहाव्या टप्प्यावर लाइट गेली की पुन्हा पहिल्या जंगलापासून सुरुवात.

या नकलांना नुसती चोरी म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. १९८३ साली जपानमध्ये निघालेल्या यंत्राचे खेळ त्यांनी आपल्या गावांत पुढे कितीतरी वर्षं चालते ठेवले. नुकसान झालं ते वेगळंच. त्या कॅसेटींमध्ये सुरुवातीच्या पडद्यावरचं कंपनीचं नाव आणि साल अनेकदा पुसलेलं असे. खेळ घरोघरी पोचला, तो करणारे पोचले नाहीत. व्हिडिओ गेमकडे कुणाची तरी कलाकृती म्हणून पाहायची सवय आपल्याला लागली नाही, त्याचं एक मूळ इथे आहे.

आता कर्ते आपलेच आहेत, तरी अडचण सुटलेली नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ ऑगस्ट २०२०मध्ये आधी फक्त निन्टेन्डो स्विचवर आला, प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि पीसीवर ऑक्टोबरात. त्या वेळी निन्टेन्डो स्विच भारतात अधिकृतपणे विकतच नव्हती. म्हणजे पुण्यात घडलेला खेळ पहिले दोन महिने परभणीच्या दुकानातून यंत्र घेऊन खेळणं शक्य नव्हतं. स्टुडिओला मी दोष देणार नाही. २०१७मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न फसलेला, तेव्हा मिळेल तो आधार घेणं भागच होतं. खेळ म्हणून ‘राजी’ची झुंज कुठेकुठे अडखळते, शेवटही अचानक येतो. पण भावाला शोधत निघालेली ती मुलगी, राजस्थानी वास्तूंचे सज्जे, सावल्यांच्या बाहुल्यांतून सांगितलेली कथा आणि वरून चाललेला दुर्गा-विष्णूंचा संवाद, हे सगळं फार मोलाचं आहे.

एका यंत्रापुरते खेळ राखून ठेवायची पद्धत आता सैल होते आहे. एक्सबॉक्सवाल्या मायक्रोसॉफ्टचा ‘फोर्झा होरायझन ५’ २०२५मध्ये सोनीच्या प्लेस्टेशन ५वर आला. मागचे खेळ पुढच्या यंत्रावर आणण्यात मात्र कंपन्या कंजूष आहेत. प्लेस्टेशन ५ची डिस्कवाली आवृत्ती घेतली तर प्लेस्टेशन ४च्या बहुतेक डिस्का चालतात, त्याआधीच्या नाहीत. प्लेस्टेशन ३च्या सेल प्रोसेसरची घडण इतकी निराळी की सोनी ते खेळ दूरच्या सर्व्हरवरून दाखवते, आणि त्यासाठी लागणारा सदस्यत्वाचा वर्ग भारतात मिळत नाही. निन्टेन्डोने ३डीएस आणि वी यू या आपल्या जुन्या यंत्रांचं ऑनलाइन दुकान मार्च २०२३मध्ये बंद केलं. अमेरिकेच्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने त्याच वर्षी दाखवून दिलं की तिथे निघालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के तेव्हा बाजारात मिळत नव्हते.

मला सर्वांत जास्त टोचतो तो ‘देसी अड्डा’. २००९मध्ये प्लेस्टेशन २ आणि पीएसपीसाठी आलेल्या या खेळात कबड्डी होती, विटीदांडू होता. ‘हनुमान: बॉय वॉरियर’ही त्याच वर्षीचा. दोन्ही कच्चे होते, हे मान्य. पण ‘राजी’पर्यंतची वाट ज्याला समजून घ्यायची आहे, त्याने ते खेळायचे कुठे? जुनी डिस्क आणि चालू स्थितीतलं प्लेस्टेशन २ शोधायचं, नाहीतर संगणकावर इम्युलेटर बसवायचा. पुण्यात १९६४पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. खेळांसाठीही तिथे जागा व्हावी. नुसत्या डिस्का ठेवून भागणार नाही. सोर्स कोड हवा, यंत्रं आणि रिमोट हवेत, ते दुरुस्त करणारे कारागीर हवेत, आणि सोबत करणाऱ्यांची नावं लिहिलेली हवीत.