बल्लवाचे वेषांतर

कराडच्या सखूबाईची कथा ज्या घरात ठाऊक नाही असे मराठी घर क्वचितच सापडेल. सासरच्या मंडळींनी खांबास बांधून घातलेली सखू पंढरीस जाते आणि तिच्या जागी प्रत्यक्ष पांडुरंग तिचे रूप घेऊन उभा राहतो, ही हकीकत कीर्तनकारांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगितली; 1941 साली प्रभात कंपनीने तिच्यावर बोलपटही काढला. भक्तीची थोरवी हे या कथेचे तात्पर्य होय, आणि त्याविषयी आमचा काही वाद नाही. परंतु कथेच्या ऐन मध्यावर एक गोष्ट अशी आहे की तिच्याकडे टीकाकारांनी द्यावे तितके लक्ष दिलेले नाही. दोर सुटल्यावर देव काय करतो? तो दळतो, पाणी भरतो, रांधतो, वाढतो, उष्टी काढतो. आणि सखू परत येईपर्यंत हे सारे रोज करतो. म्हणजे घरचा नित्याचा स्वयंपाक करणाऱ्या पुरुषाची कल्पना मराठी मनाने केली ती एकदम पुरुषोत्तमापासून केली! मात्र त्यासाठी त्या पुरुषोत्तमास लुगडे नेसावे लागले.

हा केवळ योगायोग आहे असे कोणी म्हणेल. त्याने महाभारताकडे वळावे. भीम विराटाच्या पाकशाळेत वर्षभर रांधतो, पण बल्लव हे नाव घेऊन. नल राजा ऋतुपर्णाच्या पदरी राहतो, पण कर्कोटकाच्या दंशाने विरूप होऊन आणि बाहुक हे नाव धारण करून. दोघेही क्षत्रिय, दोघेही पाककलेत निष्णात. नलाच्या नावावर तर ‘पाकदर्पण’ नावाचा संस्कृत ग्रंथच चालतो. अंगी असलेली ही विद्या त्यांस मोकळेपणाने वापरता येते केव्हा, तर स्वतःचे नाव, रूप आणि पद ही तिन्ही खुंटीला टांगून ठेवल्यावर. आमच्या कल्पनासृष्टीतील पुरुष चुलीपुढे बसत नाही असे नाही. तो स्वतः म्हणून बसत नाही.

जनाबाईचा दाखला येथे कोणी पुढे करील, आणि तो विचारात घेतला पाहिजे. जनीच्या जात्याला हात लावणारा विठ्ठल लुगडे नेसलेला नसतो. तो आपल्या रूपात येतो, तिच्याबरोबर दळतो, शेण्या वेचतो. वारकरी परंपरेने हे चित्र रंगवण्याचे जे धारिष्ट केले त्यास तोड नाही. तरी एक भेद ध्यानात ठेवावा. जनी ही नामदेवाघरची दासी. तिला नवरा नाही, सासू नाही, पंगत नाही. देव जनीचा सखा होऊन दळू लागतो तेव्हा कोणाच्या घराची घडी मोडत नाही. सखूच्या कथेत घर आहे, सासू आहे, ताटावर बसणारा नवरा आहे. आणि तेथे येताच देवास वेषांतर करणे भाग पडते.

अर्वाचीन वाङ्मयात देव गेले, राजे गेले, पण वेषांतर गेले नाही. मराठी लेखकाने पुरुषास चुलीपुढे बसू दिले ते ठरावीक सोंगांतून. वार लावून जेवणारा किंवा खोलीत खिचडी शिजवणारा गरीब विद्यार्थी हे एक. लग्नकार्यातला घामाघूम आचारी हे दुसरे. आणि खाण्याचा शोकी रसिक गृहस्थ हे तिसरे. पहिल्याचा स्वयंपाक लग्न होताच सुटतो, दुसऱ्याचा पगारासाठी असतो आणि तिसरा बहुधा स्वयंपाक करीतच नाही, खातो. पु. ल. देशपांडे यांचा ‘माझे खाद्यजीवन’ हा लेख आम्ही पुनःपुन्हा आनंदाने वाचला आहे. पण त्याच्या नावापासूनच तो खाणाऱ्याचा लेख आहे, रांधणाऱ्याचा नव्हे. खाण्याविषयी मराठीत जे ललित लेखन झाले त्यातले पुष्कळसे असे पाटावर बसून झाले आहे.

साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ (1935) या पुस्तकातील अळणी भाजीचा प्रसंग वाचकांस आठवत असेल. आई भाजीत मीठ घालण्यास विसरते. वडील आणि मुले अवाक्षर न काढता जेवून उठतात. शेवटी आई जेवायला बसते तेव्हा तिला उमगते. प्रसंग हृद्य आहे, आणि त्यामागची माया खोटी नाही. परंतु टीकाकाराच्या नजरेने पाहिले तर त्यात पुरुषाचा सद्गुण कोठपर्यंत पोचला आहे हेही दिसते: तो अळणी भाजीबद्दल बोलला नाही. पाटावर बसलेल्या नवऱ्याकडून याहून अधिक काही मागावे हे आमच्या सात्त्विकांतल्या सात्त्विक लेखकासही सुचले नाही. त्याच पुस्तकात आजारी आईसाठी वडाला प्रदक्षिणा घालण्यास श्याम प्रथम लाजतो आणि आई त्याची लाज घालवते. ही लाज घालवण्याचे काम मराठी साहित्याने पुढे चालवले असते तर बरे झाले असते. पण ते वडापाशीच थांबले, चुलीपर्यंत आले नाही.

पाकशास्त्राच्या पुस्तकांची कथा याहून मौजेची आहे. मराठीतील पहिले छापील पाकशास्त्र म्हणून ज्याचा उल्लेख होतो ते ‘सूपशास्त्र’ 1875 साली रामचंद्र सखाराम गुप्ते या पुरुषाने लिहिले. 1910 साली लक्ष्मीबाई धुरंधरांचे पुस्तक निघाले त्याचे नाव ‘गृहिणीमित्र’. गृहस्थमित्र नावाचे पुस्तक निघते तर ते बहुधा जमाखर्चावर असते!

येथे आमच्या जुन्या शास्त्रकारांचा एक भेद फार उपयोगी पडतो. कर्मे त्यांनी नित्य, नैमित्तिक आणि काम्य अशी वेगळी केली. नित्यकर्म केल्याने पुण्य जोडत नाही, पण न केल्याने दोष लागतो, असे एक मत आहे. स्वयंपाकघराची याहून नेमकी व्याख्या आम्हांस ठाऊक नाही. वेळेवर पान वाढले गेले तर कोणी दखल घेत नाही. एक दिवस वाढले गेले नाही तर सारे घर दखल घेते. पुरुषांचा स्वयंपाक मात्र काम्य असतो. रविवारी मटण करावे, पाहुण्यांपुढे एखादा पदार्थ मिरवावा, आणि भांडी तशीच टाकून दिवाणखान्यात येऊन वाहवा घ्यावी. वाडवळांच्या वाड्यांतून हिवाळ्यात उकडहंडी लागते तेव्हा मडके भरायला आणि जाळ घालायला पुरुषांचे हात उत्साहाने पुढे येतात. दुसऱ्या दिवशी तांदळाच्या भाकरी थापायला त्यांतला एखादाही उरत नाही. शीतलेच्या व्रतात चूल न पेटवता आदल्या दिवशीचे अन्न खाण्याची चाल पुष्कळ ठिकाणी आहे. देवीने चुलीला सुट्टी दिली खरी, पण त्या सुट्टीचा स्वयंपाक आदल्या दिवशी कोणी करायचा हे काही बदलले नाही.

तर मग नित्य रांधणारा पुरुष आमच्यात नव्हताच काय? होता, आणि आहे. जुन्या घरांतून स्त्री ‘बाहेरची’ होई तेव्हा घरात दुसरी बाई नसल्यास चार दिवस चूल पुरुषच पेटवी. महिन्याला चार दिवस म्हणजे वर्षाला अठ्ठेचाळीस दिवस झाले. तेवढ्यात भात, वरण आणि भाजी कोणासही येते. विटाळाची ती चाल बहुतेक शहरी घरांतून गेली हे उत्तमच झाले. पण तिच्यासोबत पुरुषांची ती अठ्ठेचाळीस दिवसांची शाळाही बंद पडली, आणि ज्या पिढ्यांनी ते शिक्षण घेतले त्यांनी आपल्या आठवणींतून त्याला फारशी जागा दिली नाही.

पालघरकडचा किनारा ज्यांनी पाहिला आहे त्यांस आणखी दोन उदाहरणे सहज आठवतील. केळव्याच्या उत्तरेस सातपाटीच्या बंदरातून होड्या अनेक दिवसांसाठी समुद्रात जातात. त्यांवर बायका नसतात, तेव्हा चूल खलाशीच सांभाळतात. बोईसरला तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा येथून आलेले कामगार एकेका खोलीत चौघे-पाचजण राहतात आणि पाळीपाळीने रोटी-भाजी करतात. हा स्वयंपाक काम्य नव्हे, पूर्ण नित्य आहे, आणि त्यात वेषांतरही नाही. पण तो घरातला नाही. होडी किनाऱ्यास लागली, कामगार गावी पोचला, की हातची विद्या उंबरठ्याबाहेर राहते. म्हणजे पुरुषास येत नाही हे कारण खोटे. ज्यास समुद्राच्या हेलकाव्यात भात शिजवता येतो त्यास घरच्या स्थिर शेगडीवर का न यावा?

उंबरठ्याच्या आत काय घडते ते पाहण्याचा योग आम्हांस केळव्यास आला. सुरूच्या बनाअलीकडे पानवेलींची वाडी असलेल्या एका घरी आमचा काही दिवस मुक्काम होता. यजमानीणबाई शाळेत शिक्षिका, सकाळच्या गाडीने जात. यजमान वाडी पाहत आणि दोन्ही वेळचा स्वयंपाक करीत. हे अठरा वर्षे चालले होते. आम्हांस लक्षणीय वाटले ते त्या स्वयंपाकाहून त्याची कारणे. शेजारच्या काकूंनी सांगितले, “बाईंच्या पाठीचे दुखणे आहे ना, म्हणून ते करतात.” यजमानांच्या मातोश्री म्हणाल्या, “त्याला लहानपणापासून नादच आहे.” स्वतः बाई म्हणाल्या, “यांना हौस आहे हो.” दुखणे, नाद, हौस: तीन मायेच्या माणसांनी त्या गृहस्थास तीन लुगडी नेसवली. त्यांस स्वतःस विचारले तेव्हा ते कांदा चिरता चिरता म्हणाले, “पोरं दीडला शाळेतून येतात, सर. त्यांना जेवायला नको का?”

हे वाक्य आम्ही मराठी कादंबरीत शोधत आहोत.

येथे आमच्या वाचक भगिनी रागावून विचारतील की, आम्ही वर्षानुवर्षे हेच वाक्य जगत आलो, आमच्यावर कोणी लेख लिहिला? राग रास्त आहे. 2019 साली राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने देशभर जी वेळवापराची पाहणी केली तीत घरच्यांसाठी बिनमोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया शेकडा 81 आणि पुरुष शेकडा 26 आढळले; असे काम करणाऱ्या स्त्रीचा दिवसाकाठी वेळ 299 मिनिटे, पुरुषाचा 97. शेकडा सव्वीसांतल्या एखाद्याचे गोडवे गाणे हेही एक वेषांतरच होय: त्यास लुगड्याऐवजी शेला पांघरला इतकेच. जाहिरातींतून आणि चित्रपटांतून हल्ली हा शेला फार स्वस्त झाला आहे. एक दिवस चहा करून दिलेला नवरा तेथे महात्मा ठरतो. म्हणून आमची मागणी कौतुकाची नाही. आम्हांस हवे आहे ते वर्णन.

कारण नित्याच्या स्वयंपाकात वर्णन करण्याजोगे जे आहे ते पाककृतीत नाही; ते स्मरणात आहे. केळव्याच्या त्या गृहस्थांच्या डोक्यात एक पंचांग होते. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, म्हणून मेअखेर सुके बोंबील आणि जवळा बरणीत हवा. वडिलांच्या वाट्याची आमटी मीठ घालण्याआधी वेगळी काढायची. धाकटी शेवगा खात नाही, थोरली तो असला तरच जेवते. काल उरलेल्या भाताचे आज सकाळी काय, आणि केळी एकदम पिकली तर कोणाकोणाकडे पाठवायची. हे सारे कोणी त्यांस विचारीत नव्हते, आणि ते कोणास सांगत नव्हते. पातेल्यापुढे उभे राहणे हा त्या कामाचा दिसणारा भाग. न दिसणारा भाग हा. ‘मी मदत करतो’ असे म्हणणारे पुष्कळ सुशिक्षित नवरे दिसणारा भाग उचलतात आणि न दिसणारा बायकोच्या डोक्यात राहू देतात, “काय चिरू?” असे विचारतात. त्या गृहस्थांनी अठरा वर्षांत बायकोस हा प्रश्न विचारला नसावा. एवढा एक फरक ज्यास शब्दांत पकडता येईल त्या लेखकास आम्ही मोठा म्हणू.

व्यासांस तो बहुधा दिसला होता. नलोपाख्यानात दमयंतीस बाहुकाची शंका येते तेव्हा ती केशिनीकडून त्याने शिजवलेले मांस मागवते, आणि एका घासात नवऱ्यास ओळखते. पूर्वी तिने नलाच्या हातचे पुष्कळदा खाल्ले होते, असे तेथे ओझरते सांगितले आहे. म्हणजे बाहुक होण्यापूर्वी, मुकुट डोक्यावर असताना, नल आपल्या घरी आपल्या बायकोसाठी रांधीत असे. कवीने त्या दिवसांना श्लोकाचा एक तुकडा दिला आणि तो द्यूताकडे वळला. निषधनगरीतील त्या ‘पूर्वी’वर एखाद्या मराठी कादंबरीकाराने लिहावयास हरकत नाही. कलीचा प्रवेश झालेला नाही, फासे अजून पडलेले नाहीत, दमयंती पाटावर बसली आहे. मीठ कमी पडले तर ती काय म्हणे, हेही त्यात येऊ द्यावे.