हाफटोन : एका शब्दाची दिशाभूल

तंत्राला मिळालेले नाव त्याच्या स्वरूपाविषयी नेहमी खरे बोलतेच असे नाही. ‘हाफटोन’ हा शब्द त्याचे उत्तम उदाहरण होय. शब्दार्थाने ती ‘अर्धी छटा’. परंतु छपाईत अर्धी छटा कोठेच नसते. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये तर जाळीचे छिद्र एक तर उघडे असते, नाही तर बुजलेले. करडा रंग कागदावर नसून ठिपके व त्यांमधील कोरी जागा यांचा मेळ घालणाऱ्या डोळ्यात असतो. सुट्या ठिपक्याला अर्थ नाही. अर्थ रचनेला आहे. सुट्या वर्णांचेही असेच असते.

हे ध्यानी घेतले म्हणजे हाताने हाफटोन करण्याच्या जुन्या रीतींकडे यंत्राची दरिद्री नक्कल म्हणून पाहण्याचे कारण उरत नाही. टाकाने एकेक ठिपका देणे, ठिपके छापलेले चिकट पारदर्शक पत्रे छायेच्या आकारात कापून लावणे आणि ताणलेल्या रेशमावरच तेलकट लिथो-खडूने रेखाटणे, या त्यांतील प्रमुख रीती. शेवटच्या रीतीत खडू धाग्यांच्या उंचवट्यांवर बसतो. रेशमाखाली खरखरीत कागद ठेवल्यास त्याचाही पोत उमटतो. मग सर्वत्र सरस पसरून वाळवावयाचा व टर्पेंटाइनने खडू विरघळवावयाचा. खडूबरोबर त्यावरील सरस सुटतो आणि तेवढीच छिद्रे मोकळी होतात. येथे छटेचा कण चित्रकाराच्या हाताच्या दाबातून जन्मतो.

अर्थात या रीतींना मर्यादाही आहेत. जाळीच्या मानाने ठिपका फार बारीक असेल तर तो टिकत नाही. इंचाला 30 ओळींच्या ठिपक्यांसाठी 120 ते 150 धाग्यांची जाळी घ्यावी, असा ठोकताळा आहे; तो मोडल्यास धागे व ठिपके यांच्या संयोगातून नको असलेल्या लहरी उमटतात.

1938 मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल आर्ट प्रोजेक्टमध्ये अँथनी व्हेलोनिस यांच्या नेतृत्वाखाली रेशीम-छपाईचा स्वतंत्र विभाग निघाला. चित्रकारांची ही छपाई दुकानी फलकांच्या छपाईहून निराळी दिसावी म्हणून ‘सेरिग्राफ’ हे नाव पुढे रूढ झाले. नावाने प्रतिष्ठा दिली. पण ‘हाताचे ते कलात्मक, यंत्राचे ते बाजारी’ हा समजही दृढ केला.

अँडी वॉरहॉल यांचे 1962 मधील ‘मेरिलिन डिप्टिक’ या समजाला छेद देते. ‘नायगारा’ या 1953 च्या चित्रपटाच्या प्रसिद्धीचित्रावरून केलेल्या 50 प्रतिमांत ठिपके छायाचित्रातून आलेले आहेत. परंतु उजवीकडच्या काळ्या प्रतिमा कोठे शाईने गुदमरतात, कोठे विरत जातात. एकच चेहरा प्रत्येक वेळी निराळा वाचला जातो, तो शाईच्या कमीअधिक प्रमाणामुळे व रबरी पट्टीच्या दाबामुळे. ठिपका यंत्राचा, उच्चार मात्र हाताचा.

म्हणून समीक्षकाने ठिपका कोणी केला एवढेच विचारून थांबू नये. त्या ठिपक्याने आशयासाठी काय केले, हेही विचारावे. खडूचा कण छायेला वजन देत नसेल, तर तो हाताचा असूनही व्यर्थ. आणि यंत्राचा ठिपका चेहऱ्याचे विरणे बोलून दाखवीत असेल, तर तो कलेचाच.