चित्रपटाची भाष्यपरंपरा : डीव्हीडीवरील ‘स्पेशल फीचर्स’चा आस्वाद

प्रस्तावना :

साहित्याच्या अभ्यासकाला मूळ संहिता आणि तिच्यावरील भाष्य ही जोडी नवी नाही. मराठीत तर गीतेवरील भाष्य असलेली ‘ज्ञानेश्वरी’ स्वतंत्र काव्य म्हणूनही वाचली जाते. चित्रपटाच्या बाबतीत मात्र मूळ कृती आणि तिचे भाष्य एकत्र मिळण्याची सोय फार उशिरा झाली. चित्रपटगृहातील दिवे लागले की प्रेक्षक उठून जातो. त्याच्या मनातील प्रश्न त्याच्याबरोबरच घरी जातात. घरी पाहण्यासाठी निघालेल्या तबकड्यांनी ही उणीव काही अंशी भरून काढली. दिग्दर्शकाचे निवेदन, मुलाखती, निर्मितीविषयीचा माहितीपट, वगळलेली दृश्ये अशी जी सामग्री चित्रपटाबरोबर तबकडीवर दिली जाते, तिला ‘स्पेशल फीचर्स’ म्हणतात. या सामग्रीतून मिळणारा आनंद कोणत्या प्रतीचा असतो आणि ती भाष्याच्या पदवीला केव्हा पोचते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी :

अमेरिकेतील ‘क्रायटेरियन कलेक्शन’ने १९८४ मध्ये ‘किंग काँग’ (१९३३) या चित्रपटाची लेझरडिस्क काढली. तिच्या दुसऱ्या ध्वनिपट्टीवर रोनाल्ड हेव्हर यांचे निवेदन होते. चित्रपट चालू असतानाच ते ऐकता येई. ‘ऑडिओ कॉमेंटरी’चा आरंभ येथून मानला जातो. पुढे १९९६ च्या अखेरीस जपानमध्ये आणि १९९७ मध्ये अमेरिकेत डीव्हीडी बाजारात आली. दुहेरी थराच्या तबकडीवर सुमारे ८.५ गिगाबाइट सामग्री मावत असल्याने अशा पुरवणीला भरपूर जागा मिळाली. आपल्याकडे घरोघरी पोचलेल्या व्हीसीडीवर मात्र साधारणतः ७४ ते ८० मिनिटांचेच चित्रण मावे. एकच चित्रपट दोन किंवा तीन तबकड्यांवर विभागावा लागे. तेथे भाष्याला जागा कोठून असणार? परिणामी आपल्या प्रेक्षकांच्या एका मोठ्या वर्गाला चित्रपट मिळाला, परंतु त्याचे भाष्य मिळाले नाही.

आस्वादाचे स्वरूप :

पुरवणी सामग्रीचा आनंद हा मूळ चित्रपटाच्या आनंदाची पुनरावृत्ती नसतो. चित्रपट पाहताना आपण भ्रमाला संमती दिलेली असते. पुरवणी पाहताना तो भ्रम कसा उभा राहिला हे आपण जाणून घेतो. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज : द फेलोशिप ऑफ द रिंग’ (२००१) या चित्रपटाची विस्तारित आवृत्ती नोव्हेंबर २००२ मध्ये चार तबकड्यांत निघाली. त्यांपैकी दोन तबकड्या केवळ पुरवणीसाठी होत्या. शिवाय दिग्दर्शक व लेखक, अभिकल्प विभाग, निर्मिती विभाग आणि कलावंत अशा चार गटांची स्वतंत्र निवेदने तीत होती. पडद्यावर क्षणभर दिसणाऱ्या चिलखतामागे कारागिरांचे किती हात राबले आहेत, हे कळल्यावर प्रेक्षकाचे कुतूहल ओसरत नाही. त्याला आदराची जोड मिळते. एरव्ही श्रेयनामावलीत झरकन सरकून जाणाऱ्या नावांना येथे चेहरा आणि आवाज मिळतो.

आक्षेप आणि मर्यादा :

या सामग्रीवर दोन आक्षेप घेता येतात. पहिला असा की, तिचा बराचसा भाग प्रसिद्धीचाच विस्तार असतो. सर्वांनी सर्वांची स्तुती करावी आणि चित्रीकरण किती आनंदात पार पडले ते सांगावे, एवढ्यावरच अनेक माहितीपट संपतात. त्यांना भाष्य म्हणणे म्हणजे शब्दाचा अपव्यय होय. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कर्त्यानेच अर्थ सांगितला तर प्रेक्षकाच्या अर्थनिर्णयाला वाव उरतो काय? डेव्हिड लिंच यांनी ‘मलहॉलंड ड्राइव्ह’ (२००१) च्या डीव्हीडीवर प्रकरणवार विभागणीसुद्धा ठेवू दिली नव्हती. स्टीव्हन स्पीलबर्ग यांनीही आपल्या चित्रपटांना ऑडिओ कॉमेंटरी देण्याचे टाळले आहे. ही भूमिका समजण्याजोगी आहे. तथापि, अर्थ सांगणे आणि घडण सांगणे यांत भेद केला पाहिजे. उत्तम पुरवणी दुसरे काम करते आणि पहिले प्रेक्षकावर सोडते.

‘अपू’ चित्रत्रयीचे उदाहरण :

या दृष्टीने सत्यजित राय यांच्या चित्रत्रयीची क्रायटेरियनने २०१५ मध्ये काढलेली आवृत्ती अभ्यासण्यासारखी आहे. १९९३ मध्ये लंडनमधील एका फिल्म प्रयोगशाळेला लागलेल्या आगीत या चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह होरपळल्या. पुढे जळक्या रिळांवर उपचार करून, अकॅडेमी फिल्म आर्काइव्ह आणि बोलोन्या येथील प्रयोगशाळा यांच्या सहकार्याने चित्रपटांचे पुनरुज्जीवन झाले. ‘पथेर पांचाली’चा सुमारे ४० टक्के आणि ‘अपराजितो’चा ६० टक्क्यांहून अधिक भाग मूळ निगेटिव्हवरून परत मिळवता आला. ‘अपुर संसार’ची उरलेली दोन रिळे मात्र उपयोगात आणण्याच्या पलीकडे गेली होती. ही हकीकत ज्याला ठाऊक आहे, तो ‘पथेर पांचाली’ची प्रत्येक चौकट वेगळ्या नजरेने पाहतो.

याच आवृत्तीत राय यांच्या आवाजातील १९५८ चे ध्वनिमुद्रण आहे. सौमित्र चटर्जी, शर्मिला टागोर आणि छायाचित्रणात सहायक असलेले सौमेंदू राय यांच्या मुलाखती आहेत. त्यांपैकी सौमित्र चटर्जी २०२० मध्ये आणि सौमेंदू राय २०२३ मध्ये निवर्तले. त्यामुळे पुरवणी म्हणून नोंदवलेले हे संवाद आता प्रत्यक्ष साक्षीची कागदपत्रे ठरले आहेत. त्यांना ‘बोनस’ म्हणणे, म्हणजे मूळ मालाबरोबर फुकट मिळालेली वस्तू समजणे, योग्य नाही.

समारोप :

आज चित्रपट तबकडीवरून स्ट्रीमिंगकडे गेला आहे. तेथे बहुतेक ठिकाणी केवळ मूळ चित्रपट मिळतो; भाष्य गळून पडते. नव्या लॅपटॉपमध्ये तबकडी घालण्याची सोयही सहसा नसते. म्हणून महाविद्यालयीन ग्रंथालयांनी आपल्याकडील डीव्हीडी निर्लेखित करण्यापूर्वी त्यांवर चित्रपटाखेरीज काय आहे हे तपासावे, नोंदपत्रात त्या सामग्रीचा तपशील लिहावा आणि निदान एक चालू स्थितीतील प्लेअर जपावा. अध्यापकांनीही क्रम पाळावा : आधी चित्रपट संपूर्ण पाहू द्यावा, त्यावर विद्यार्थ्यांना बोलू द्यावे आणि मगच भाष्याकडे वळावे. मूळ कृतीशी झालेल्या पहिल्या भेटीची जागा भाष्य घेऊ शकत नाही. परंतु दुसऱ्या भेटीची ओढ ते निश्चितच लावते. आस्वादाच्या शिक्षणाचा खरा आरंभ त्या दुसऱ्या भेटीतच होतो.