इतिहासाची फजिती

डिसेंबर १७२१. कान्होजी आंग्र्यांचा कुलाबा किल्ला घ्यायला इंग्रज आणि पोर्तुगीज जोडीने अलिबागेत उतरले होते. इंग्रज आरमाराचा कमोडोर थॉमस मॅथ्यूज याच्या मांडीत एका मराठी स्वाराने भाला खुपसला. मॅथ्यूज चवताळून त्या स्वाराच्या मागे सुटला, तर पिस्तुलं उडेचनात. पुढे किल्ल्यावरचा हल्लाही फसला आणि खापर फुटलं दोस्तांवर. मॅथ्यूज तणतणत किनाऱ्यावर आला आणि त्याने हातातली काठी पोर्तुगीजांच्या सेनापतीच्या तोंडात कोंबली. मोहिमेतल्याच क्लेमंट डाउनिंगने हे लिहून ठेवलं आहे. पटकथाकाराने यात पदरचं काय घालायचं?

पण आपल्या पडद्यावर इतिहास येतो तो तुतारी फुंकतच. ‘फर्जंद’, ‘फत्तेशिकस्त’, ‘पावनखिंड’ यांनी प्रेक्षक थिएटरात परत आणले, ते श्रेय त्यांचंच. मात्र या लाटेत हसायला जागा नाही. ‘छावा’तलं लेझीमचं दृश्य आक्षेपांनंतर २०२५मध्ये कापलं गेलं. नाचाची ही गत, तर केळीच्या सालीवरून घसरणाऱ्या सरदाराला कोण उभं करणार?

गंमत म्हणजे राजाला हसण्याची परंपरा आपल्याला नवी नाही. तमाशाच्या वगात राजाला बहुधा नाव नसतं, राज्याला ठिकाण नसतं. प्रधान लाचखाऊ, हवालदार वस्ताद. वसंत सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये दादा कोंडक्यांचा हवालदार राजापेक्षा मोठा झाला. कोकणात नमनाच्या शेवटी वग लागतो तेव्हाही हेच. दाढी निसटते, तलवार म्यानातून निघत नाही आणि ऐतिहासिक आवेश चालू असताना राजाला गावातल्या कोणाच्या तरी उधारीची आठवण करून दिली जाते. स्वारीवर निघायचं तर घोडा नाही. रंगमंचावर एक फेरी मारली की मुक्काम आला. ‘मॉन्टी पायथन अँड द होली ग्रेल’मध्ये (१९७५) घोड्यांना पैसे नव्हते म्हणून आर्थर राजाचा नोकर नारळाच्या दोन करवंट्या वाजवत मागून चालतो. श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्यांत करवंट्यांना तोटा नाही, घोड्यांचा तेव्हाही होता, आताही आहे. हा विनोद खरं तर आपल्याच किनाऱ्याचा.

असा विनोद टिकतो तो देहामुळे. जिरेटोपाखाली घाम येतो, चिलखतात खाज सुटते, हे पुस्तकातला इतिहास सांगत नाही. पण देह दाखवणं म्हणजे खिल्ली उडवणंच असं नाही. मच्छिंद्र कांबळींचं ‘वस्त्रहरण’ (१९८०) महाभारताला हसत नाही. महाभारत उभं करायला निघालेल्या गावाला हसतं. ‘जाने भी दो यारो’तल्या द्रौपदी-प्रेताच्या गोंधळात अकबर घुसतो, तिथेही चेष्टा नाटकवाल्यांचीच. थेट माणसाला हात घातला की काय होतं, ते १९७२मध्ये आलेल्या ‘घाशीराम कोतवाल’ने अनुभवलं. त्यातले नाना फडणवीस मूळचे वेळासचे, हरिहरेश्वरहून खाडी ओलांडली की येतं ते गाव. ते नाटक फार्सच्या पलीकडचं, पण नानांची ठुमकती चाल प्रेक्षकांना आधी हसवते आणि मग अडचणीत टाकते.

सिनेमात मात्र हात आखडता. ‘एक डाव भुताचा’मधला (१९८२) अशोक सराफांचा खंडोजी फर्जंद गतकाळाला शाळेच्या मास्तरासमोर आणून उभा करतो, ती वाट पुढे फारशी कोणी चालली नाही. तमिळमध्ये चिंबुदेवनने २००६मध्ये वडिवेलूला घेऊन ‘इम्सै अरसन २३ आम पुलिकेसी’ केला. काल्पनिक राजा, इंग्रजांपुढे लोटांगण, आणि सिनेमा धो धो चालला. आपल्याकडे हे काम टीव्हीवरच्या स्किटांकडे गेलंय. तिथे राजाच्या तोंडी दोन इंग्रजी शब्द घातले की हशा वसूल. हा आळशीपणा आहे. ‘पायथन’मधला टेरी जोन्स मध्ययुगाचा अभ्यासक होता, काय मोडायचं ते त्याला नेमकं ठाऊक होतं.

भावना दुखावण्याची सबब मला पूर्ण पटत नाही. ‘अलिबागसे आया है क्या’ या टोमण्यावर बंदी घाला, अशी याचिका मुंबई उच्च न्यायालयात गेली होती. विनोद सगळ्याच समाजांवर होतात, मनाला लावून घेऊ नका, असं सांगत न्यायालयाने ती २०१९मध्ये फेटाळली. शिवाय आपल्या थोरांना हात लावायलाच हवा असं कुठे आहे? १६७९मध्ये खांदेरीच्या वेढ्यात शिवाजी महाराजांच्या चपळ होड्यांनी मुंबईकर इंग्रजांच्या बड्या जहाजांना जेरीस आणलं, ‘डव्ह’ नावाचं गलबत तर धरूनच नेलं. वारा पडलेला, शिडं लोंबतायत आणि कंपनीचा कारकून मुंबईला कळवायच्या पत्रात या फजितीला कोणतं गोंडस नाव द्यावं याची जुळवाजुळव करतोय, या दृश्याने कोणाची भावना दुखावेल? दुखावलीच तर लंडनमध्ये. काठीवाला मॅथ्यूजही त्याच रांगेत उभा आहे.