मूळ फोटो कोणाचा? मॉग्रिफाय आणि एक्झिफटूल शेजारी ठेवून

कमांड-लाइन टूल 'युजर-फ्रेंडली' आहे असं म्हणताना आपण बहुतेक वेळा कमांड किती छोटी आहे तेच बघतो. संशोधनासाठी टूल निवडताना हा निकष मला फार अपुरा वाटतो. आपण काही सांगितलंच नाही, तर हे टूल मूळ डेटाचं काय करतं? मी पहिल्यांदा ते बघतो. आज त्या नजरेने दोन टूल्स तपासू: इमेजमॅजिकमधलं मॉग्रिफाय आणि फिल हार्वे यांचं एक्झिफटूल. दोन्ही मोफत, दोन्ही जुनी आणि फोटोंवर काम करणाऱ्यांमध्ये प्रसिद्ध.

उदाहरण अजिंठ्याचं घेऊ. लेण्यांत फ्लॅशला बंदी आहे, त्यामुळे चित्रांचे फोटो मंद उजेडातच काढावे लागतात. समजा तुमच्याकडे असे सहाशे फोटो आहेत. ते थोडे उजळायचेत, लहान करायचेत, नोंदी दुरुस्त करायच्यात. माउसने एकेक उघडून केलं तर आठवडा जाईल, आणि शेवटी कुठल्या फोटोवर नेमकं काय केलं हे गाइडला सांगता येणार नाही. कमांडचं तसं नाही. ती ओळ जशीच्या तशी प्रबंधाच्या परिशिष्टात टाकता येते. म्हणून टर्मिनल, रुबाब म्हणून नव्हे.

मॉग्रिफायला एका ओळीत सांगता येतं की या फोल्डरमधले सगळे जेपीजी पन्नास टक्के लहान कर. एंटर दाबलं की थोडा वेळ काहीच दिसत नाही, मग प्रॉम्प्ट परत येतो. झालं काम. फक्त तुमचे मूळ फोटो आता नाहीत. त्याच नावांच्या फाइल्समध्ये अर्ध्या आकाराचे फोटो बसलेत, आणि जेपीजी पुन्हा सेव्ह झाल्यामुळे बारकावे गेले ते वेगळेच.

हा बग नाही. मॉग्रिफाय मूळ फाइलवरच लिहितं हे त्याच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलंय, आणि 'पाथ' हा पर्याय दिला तर नवे फोटो दुसऱ्या फोल्डरमध्ये जातात. माझी हरकत इथेच आहे. सुरक्षित वाट आहे, पण ती मागावी लागते. धोक्याची वाट न मागता मिळते. नवशिक्या तर कमीत कमी टाइप करतो. म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त संरक्षण हवं, त्यालाच सगळ्यात कमी मिळतं.

बाजू मांडायची तर, युनिक्सची परंपराच अशी आहे. सीपी आणि एमव्ही या रोजच्या कमांड्सही न विचारता जुनी फाइल पुसतात, आणि सगळं नीट झालं तर गप्प बसायचं हा तिथला शिष्टाचार आहे. एका कमांडचं उत्तर दुसरीला द्यायचं असताना मधली बडबड नकोच असते, हेही खरं. पण सहाशे फाइल्स बदलल्यावर 'सहाशे बदलल्या' एवढं तरी कळायला नको का?

(नावांचा घोळ वेगळाच. इमेजमॅजिकची जुनी मुख्य कमांड 'कन्व्हर्ट', आणि विंडोजमध्ये त्याच नावाची कमांड डिस्कची फाइल-व्यवस्था बदलते! सातव्या आवृत्तीपासून 'मॅजिक' ही कमांड पुढे आणली, हे बरं केलं.)

एक्झिफटूलचं काम वेगळं आहे. ते चित्राला हात लावत नाही, फोटोसोबतच्या नोंदी बदलते: वेळ, कॅमेरा, जागा. पण स्वभाव बघा. कॅमेऱ्याचं घड्याळ चुकलेलं होतं म्हणून वेळ दुरुस्त केली, तर जुनी फाइल नावामागे 'ओरिजिनल' लावून तिथेच ठेवली जाते आणि शेवटी किती फाइल्स बदलल्या ते सांगितलं जातं. बॅकअप नको असेल तर 'ओव्हरराइट ओरिजिनल' असा लांबलचक पर्याय हाताने लिहावा लागतो. हे लांब नाव मला आवडतं. ते टाइप करताना आपण काय मागतोय हे वाचावंच लागतं.

एक्झिफटूलही निर्दोष नाही. एकाच फोटोत 'काढल्याची वेळ', 'तयार झाल्याची वेळ' आणि 'बदलल्याची वेळ' अशा तीन नोंदी असू शकतात. त्यातली कुठली दुरुस्त करायची हे नवख्याला कळत नाही. फोल्डरही दुपटीने फुगतं. मग लोक वैतागून तो लांब पर्याय कुठून तरी कॉपी करून कायमचा चिकटवतात, आणि संरक्षण संपतं.

मूळ वस्तूचा एवढा आग्रह कशाला, असं वाटत असेल तर लेण्यांचाच इतिहास बघा. १९२० ते १९२२ या काळात निजामाच्या राज्याने चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना चित्रं वाचवण्यासाठी बोलावलं. त्यांनी चित्रांवर शेलॅकचा लेप दिला. हेतू चांगला, तज्ज्ञ नावाजलेले. पण लेप पुढे पिवळा-काळपट पडला आणि तो काढणं हेच संवर्धनाचं मोठं काम होऊन बसलं. त्याआधी रॉबर्ट गिलने वर्षानुवर्षं राबून केलेल्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. गिलचं काम जळलं तरी भिंत जागेवर होती, म्हणून ग्रिफिथ्स आणि जे. जे. स्कूलचे विद्यार्थी १८७२ पासून पुन्हा प्रती करू शकले. लेपाचं नुकसान मात्र थेट भिंतीवर झालं. मॉग्रिफाय भिंतीवर काम करतं. एक्झिफटूल आधी प्रत ठेवतं.

मराठीत काम करणाऱ्यांना आणखी एक कटकट आहे. फाइलला 'अजिंठा' असं नाव द्या आणि गिटला स्थिती विचारा: 'अ'च्या जागी \340\244\205 असं दिसेल. 'कोटपाथ' ही सेटिंग बंद केली की नाव नीट दिसतं, पण ती बंद करायची असते हे कोण सांगणार? लेणी क्रमांकांचंही तसंच. साध्या क्रमवारीत लेणं 10 हे लेणं 2 च्या आधी येतं. 'सॉर्ट'ला आवृत्ती-क्रम मागितला की हे सुटतं, तेही आकडे इंग्रजी असतील तर. म्हणून फाइलच्या नावात 02, 10 असे इंग्रजी दोन अंकी आकडेच ठेवा. मराठी मजकूर नोंदींमध्ये लिहा.

पीएचडीत कधी ना कधी तुम्ही स्वतःचं छोटं टूल लिहालच, बहुधा पायथनच्या आर्गपार्समध्ये. मदतीचं पान ते फुकट बनवून देतं, छान आहे. पण त्यात एक खोच आहे: लांब पर्यायाचं अर्धवट नावही ते मुकाट्याने स्वीकारतं. तुम्ही मुद्दाम 'ओव्हरराइट' असा मोठा पर्याय ठेवलात, आणि कोणी नुसतं 'ओव्हर' लिहिलं, तरी फाइल्स पुसल्या जातील. 'अलाउ अ‍ॅब्रेव्ह' ही सोय बंद करा. आउटपुटचं फोल्डर सक्तीचं ठेवा, आणि ते इनपुटचंच निघालं तर टूलने नकार द्यावा, का नाकारलं तेही सांगावं. 'ड्राय रन' द्या, म्हणजे काहीही न बदलता काय बदललं असतं ते दाखवणारा पर्याय.

दुसऱ्याचं टूल असेल तर आधी तीन फोटोंची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये घ्या. 'शा-२५६-सम'ने त्यांच्या चेकसमची यादी करा, टूल चालवा आणि यादी पुन्हा पडताळा. तिन्ही नावांपुढे 'ओके' आलं तरच उरलेल्या फोटोंकडे वळा.